कडाप्पाचा ओटा, ह्यांची कॉफी आणि ३८० रुपयांची मॅट

आमचा ओटा कडाप्पाचा, १९८८ सालच्या बिल्डिंगमधला. गेल्या वर्षी हे बँकेतून निवृत्त झाले, मुलाने एस्प्रेसोचं मशीन आणून दिलं आणि ओट्याचा सिंककडचा दोन फूट भाग माझ्या हातातून गेला.

पूड सांडते, दूध उडतं, इथवर ठीक. पण उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर, म्हणून मशीनमधला क्षार काढायला ह्यांनी लिंबूसत्त्वाचं पाणी फिरवलं आणि चार थेंब ओट्यावर रात्रभर राहिले. सकाळी चार पांढरट ठिपके. घासून पाहिलं, खोबरेल चोळलं. तेल उडालं की ठिपके पुन्हा हजर. कडाप्पा म्हणजे शेवटी चुनखडक, आंबट पडलं की त्याची पॉलिशच खाल्ली जाते. तो डाग नव्हेच, पुसणार काय? ग्रॅनाइटवाल्यांना हे दुःख नाही.

आधी ह्यांनी ऑनलाइन एक राखाडी, पाणी शोषणारी मॅट मागवली. कप ठेवला की ओलं वर्तुळ बघता बघता नाहीसं, हे खूश. आठवड्याने उचलली तर खाली दगड घामेजलेला, आणि मॅटला शिळ्या दुधाचा वास. ओलं दिसत नव्हतं, एवढंच.

मग मीच उठले. पुण्यातल्या आयडियल कॉलनीहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलून मंडई, तिथून चालत बोहरी आळी. तिसऱ्या दुकानात सिलिकॉनची मॅट मिळाली, ४० बाय ३० सेंटीमीटर, ३८० रुपये. दुकानदार म्हणाला, "ताई, तवा ठेवा हिच्यावर, काही होत नाही." मला तव्याशी घेणं नव्हतं. मी बोट फिरवून काठ पाहिला. चांगला अर्धा सेंटीमीटर उंच.

सगळी गंमत त्या काठात आहे. सांडलेलं आतच थांबतं, उचलून सिंकमध्ये ओतायचं. पोर्टाफिल्टर, म्हणजे कॉफीची पूड भरायची दांड्याची वाटी, टेकवून दट्ट्याने पूड दाबताना आता तो सरकत नाही, ओट्याच्या कडेला टवका जायची भीतीही नाही. चोथा मात्र सिंकमध्ये नाही हं! एकदा पाइप तुंबून प्लंबरला बोलवावं लागलंय. चोथा स्टीलच्या डब्यात ठोकायचा.

उणिवा दोन. एक, मशीन आणि दळणयंत्र दोन्ही हिच्यावर मावत नाहीत. दळणयंत्र बाहेर, म्हणजे तिथली पूड अजून मीच पुसते. दुसरी जास्त त्रासाची: मॅटवरच्या बारीक खाचांत पूड बसते आणि फडक्याने निघत नाही. जुन्या टूथब्रशने घासावी लागते. वर सिलिकॉनला घरातली सगळी धूळ आणि पोळ्यांचं पीठ चिकटतं. काठ असलेली पण आतून सपाट मिळाली असती तर तीच घेतली असती.

"अहो, मॅट धुतली का?" हे मी रोज विचारते. "अगं, वाळतेय," हे रोजचं उत्तर. तरीही चार महिन्यांत नवा ठिपका नाही.

जुन्यांपैकी तीन मॅटखाली झाकले गेलेत. चौथा बाहेर राहतो, त्यावर मी साखरेचा डबा ठेवलाय. हे कॉफीत साखर घेत नाहीत, त्यामुळे तो कोणी हलवत नाही.