किडलेलं सागवान: टोच्या की हवा?

पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून जुन्या वाड्याचं सागवान आणलं, की आधी कडेचा फिकट भाग बघा. भुंगा तिथेच शिरतो, गडद गाभ्याच्या वाटेला सहसा जात नाही.

पोखरलेली भोकं इपॉक्सीने, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या रेझिनने, भरण्याआधी साफ करावी लागतात. कंप्रेसरची हवा सुटा भुसा क्षणात उडवते. मास्क, चष्मा हवाच. पण पोखरलेला मऊ भाग तसाच राहतो आणि वर ओतलेलं इपॉक्सी पुढे त्याच्यासकट सुटतं. टोच्या, म्हणजे अणकुचीदार हत्यार, आणि पितळी ब्रशने दुपार जाते. मात्र टोक कडक लाकडाला टेकलं, हे बोटांना कळतं. माझा कौल टोच्यालाच, हवा शेवटी.

ताजा भुसा गळतोय? मग अळी जिवंत असू शकते. आधी भट्टी: लाकडाच्या मध्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं.