परासरणाचा शालेय संच: बाकी ठीक, पडदाच खोटा

परासरण म्हणजे पडद्यातून पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाणं. ते दाखवायला आठवी-नववीच्या प्रयोगशाळेसाठी मिळणाऱ्या या खोक्यात थिसल फनेल (लांब नळीचं नरसाळं), ‘सेलोफेन’चे चार तुकडे, बटाट्याची नळकांडी कापायचा बोअरर, साखरेची पुडी, काचपट्ट्या आणि माहितीपत्रक येतं. काच जाड आहे, बोअररला धार आहे. गोची पडद्यात आहे.

फनेलच्या तोंडाला बांधायला दिलेला चकचकीत कागद सेलोफेन नाहीच, भेटवस्तूंवर गुंडाळतात ते प्लास्टिक आहे. कोपरा कातरून चिमट्यात धरून पेटवा. खरं सेलोफेन कागदासारखं जळून राख होतं. हे आक्रसतं, वितळतं, गोळी होते. यातून पाणी जवळपास जातच नाही. नळीतल्या साखरपाण्याची पातळी तासभर हलत नाही आणि मुलांना वाटतं, आपलंच चुकलं. पातळी खाली गेली, तर दोऱ्याखालून गळतंय. त्यापेक्षा 12,000 ते 14,000 डाल्टनचं (साधारण एवढ्या रेणुभारापर्यंतचे रेणू जाऊ देणारं) डायलिसिस ट्यूबिंग वेगळं मागवा. मात्र साखरेचा रेणुभार जेमतेम 342, त्यामुळे तीही हळूहळू बाहेर झिरपते. पातळी पहिल्या तासातच मोजून घ्या.

बटाट्याचा भाग संचातला सर्वांत चांगला, पण पत्रकातली कृती चुकीची आहे. 0.5 मोलर द्रावणासाठी (एक लिटर द्रावणात अर्धा मोल, म्हणजे 171 ग्रॅम साखर) ‘171 ग्रॅम साखर एक लिटर पाण्यात’ घातली, तर द्रावण जवळपास 1.1 लिटर भरतं आणि तीव्रता 0.45 वर येते. साखर थोड्या पाण्यात विरघळवून मग लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं असतं. या द्रावणात ठेवलेले बटाट्याचे तुकडे वजनाआधी टिपकागदावर सारखेच टिपायचे, एक दाबून आणि दुसरा नुसता टेकवून नाही. पाच सेंटिमीटरचा तुकडा अडीच-तीन ग्रॅमचा असतो, वजनात दहा टक्के फरक म्हणजे पाव ग्रॅम. तिथे 0.1 ग्रॅमचा काटा काय कामाचा? 0.01 चाच हवा.

रससंकोचासाठी (पाणी बाहेर गेल्यानं पेशीचा आतला भाग भित्तिकेपासून आक्रसणं) पत्रक नुसतं ‘मिठाचं पाणी’ म्हणतं. 100 मिलिलिटर द्रावणात 5 ग्रॅम मीठ घ्या. ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची जांभळी साल पातळ सोला. जाड राहिली तर पेशींचे थर एकावर एक दिसतात. आच्छादनकाचेच्या एका कडेला द्रावणाचा थेंब, दुसऱ्या कडेला टिपकागद. काही मिनिटांत जांभळा रंग पेशीभित्तिकेपासून सुटून मध्ये गोळा होतो, कारण तो रिक्तिकेतल्या (पेशीतल्या रसाच्या पिशवीतल्या) रसात असतो. लगेच साधं पाणी ओढून घेतलं तर तो पुन्हा पसरतो. फार वेळ मिठात राहिलेली पेशी मात्र परत भरत नाही.