माइनक्राफ्ट जावा, आठ महिन्यांनंतर: अवजारं भारी, ठेवलीत मात्र भलतीकडं

पोळ्याच्या वेळेस घेतला होता हा ठोकळे (ब्लॉक) रचून बांधकाम करायचा गेम, जावा म्हणजे त्याची कम्प्युटरवरची एक आवृत्ती, आता ऊन तापायला लागलं म्हणजे आठेक महिने झाले. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, दिवसा लाइन कधी राहते कधी नाही, म्हणून खेळणं रात्री जेवणं झाल्यावरच. त्यात मी आमचं जुनं धाब्याचं घर बांधतोय, ते पाडून आम्ही स्लॅब टाकला ना, तेच. मग एका घरावर भागेना, अख्खी गल्लीच काढली.

गेम मस्तच आहे, त्यावर बोलायचं नाही. बोलायचंय मेनूवर.

गल्लीतली घरं जवळपास सारखीच, दरवेळी एकेक ब्लॉक कोण लावत बसन. त्यासाठी स्ट्रक्चर ब्लॉक आहे, ४८ बाय ४८ बाय ४८ पर्यंतचा तुकडा सेव्ह करायचा अन् दुसरीकडं जसाच्या तसा उतरवायचा. पण तो सापडला तर पाहिजे ना बावा! आधी तो फक्त कमांड (टाइप करून द्यायचा हुकूम) टाकूनच मिळायचा, गेमच्या १.१९.३ आवृत्तीपासून क्रिएटिव्हमध्ये, म्हणजे सगळे ब्लॉक फुकट मिळतात त्या प्रकारात, ऑपरेटरचा (जगाच्या कारभाऱ्याचा) वेगळा टॅब आला, पण तोही सुरुवातीला बंद, अन् चालू करायचं बटण कुठं तर कंट्रोल्समध्ये, जिथं माउसचं सेटिंग अन् उडी मारायचं बटण बदलतात तिथं. मी दोन रात्री क्रिएटिव्हचेच टॅब चाळत होतो. पेचकस काढायला देवघरात जायचं, असा प्रकार.

चीट्सचं त्याहून भारी. चीट्स म्हणजे कमांडा चालवायची परवानगी. मी जग सर्व्हायव्हलमध्ये (सामान स्वतः गोळा करायचं त्या प्रकारात) सुरू केलं होतं, चीट्स बंद. मधातच चालू करायचे तर ‘ओपन टू लॅन’ (घरातल्या दुसऱ्या कम्प्युटरवाल्यांना जगात घ्यायचं बटण) दाबा, त्याच्या आत ते बटण. घरात लॅपटॉप एकच, लॅन कोणासोबत करू, म्हशीसोबत? अन् जगातून बाहेर पडलं की सगळं परत बंद, दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.

आता म्हणाल हे सगळं समोरच ठेवावं का. तर नाही. दिवाळीत बहिणीचं पोट्टं आलं होतं, दहा वर्षाचं, कमांडा मीच शिकवल्या. म्हणे, “मामा, पलीकडची जागा साफ करून देऊ?” म्हटलं कर. फिल नावाची कमांड एका दमात ३२,७६८ पर्यंत ब्लॉक बदलते, त्यानं एफ३ बटण दाबल्यावर दिसणारे जागेचे आकडे पाहून टाकले पण एका आकड्यापुढचं वजाचं चिन्ह राहिलं. मी पाणी पिऊन येतो तर हा विचारतो, “इहीर कुठी गेली मामा?” इहीर गेली, तीन घरं गेली, अन् अनडू नावाची गोष्ट यात नाहीच.

घराचा तुकडा सेव्ह होता म्हणून वाचलो. लोड केलं, भिंती आल्या, ओसरी आली, गोठा आला, पण गाई नाही. ‘इन्क्लूड एंटिटीज’ (ब्लॉक सोडून हलती-फिरती गोष्टही सोबत घ्या) सुरुवातीला ऑफ असतं अन् जनावरं त्यातच मोडतात. ते बटण सेव्हच्याच स्क्रीनवर होतं बरं का, मीच पाहिलं नाही, त्यासाठी कोणाला दोष देत नाही.

म्हणून माझं म्हणणं, कुलूप असू द्या, पण ज्या जगाचं कुलूप त्याच जगाच्या सेटिंगमध्ये लावा, उंदीर-कीबोर्डच्या पेटीत नको. पाचातले चार स्टार. इहीर परत बांधली, गाई अजून दोनच आल्यात.