गूगल सर्च कन्सोल: वाचक कोणत्या शब्दांनी शोधतो ते दाखवणारे साधन

गच्चीवरच्या बागेविषयी मी गेली चार वर्षे मराठीतून ब्लॉग लिहिते आहे. ब्लॉग वाढावा म्हणून या काळात जी साधने वापरून पाहिली, त्यांपैकी बरीचशी इंग्रजी मजकूर गृहीत धरून बनवलेली असल्यामुळे मराठी शब्दांपुढे त्यांचे फारसे चालले नाही, आणि उरलेल्यांची वर्गणी माझ्यासारख्या हौसेने लिहिणाऱ्या व्यक्तीला परवडणारी नव्हती. दर आठवड्याला न चुकता मी उघडते असे एकच साधन उरले आहे, ते म्हणजे गूगल सर्च कन्सोल. ते पूर्णपणे विनामूल्य आहे. 2015 पर्यंत त्याचे नाव ‘वेबमास्टर टूल्स’ असे होते आणि त्या नावामुळेच असेल, पण ते केवळ तंत्रज्ञांसाठी आहे असा समज अजूनही अनेक मराठी ब्लॉगलेखकांमध्ये दिसतो. तो समज दूर व्हावा, ही हे परीक्षण लिहिण्यामागची माझी मुख्य इच्छा आहे.

या साधनाचा गाभा म्हणजे त्यातला ‘परफॉर्मन्स’ अहवाल. गूगलवर कोणी काय शोधले असता आपला लेख निकालांत दिसला, तो किती वेळा दिसला, त्यावर किती जणांनी क्लिक केले आणि निकालांत तो सरासरी कितव्या स्थानावर होता, या चार गोष्टी तो सांगतो. वाचक ब्लॉगवर आल्यानंतर काय करतो हे पाहण्यासाठी गूगल अॅनालिटिक्स आहे. सर्च कन्सोल मात्र त्याआधीचा क्षण दाखवतो, म्हणजे वाचक अजून आपल्या दारात आलेला नसताना त्याच्या मनात कोणता प्रश्न होता तो क्षण. लिहिणाऱ्याला याहून उपयोगी माहिती दुसरी कोणती असेल असे मला वाटत नाही.

माझाच अनुभव सांगते. आमच्या घरी कढीलिंबच म्हणतात, त्यामुळे त्याच्या निगेवरचा लेख मी ‘कुंडीतल्या कढीलिंबाची निगा’ या शीर्षकाने लिहिला होता. लेख मनापासून लिहिलेला होता, माती, पाणी, छाटणी, ताक घालण्याची पद्धत असे सगळे त्यात होते, तरी तो वाचायला फारसे कोणी येत नव्हते. अहवालात त्या लेखाचे पान निवडून खालची शोधशब्दांची यादी उघडली तेव्हा कारण समोर आले. लोक ‘कढीपत्ता’ शोधत होते, ‘कढिपत्ता’ शोधत होते, ‘कडीपत्ता’ही शोधत होते, आणि त्यांच्या शोधाच्या शेपटाला जवळजवळ नेहमी एकच प्रश्न होता: पाने पिवळी का पडतात? निगा हा शब्द त्या यादीत कुठेच नव्हता. माझ्या लेखात पिवळ्या पानांविषयी अवघ्या दोन ओळी होत्या, त्याही शेवटच्या परिच्छेदात. मी शीर्षकात ‘कढीपत्ता’ हा शब्द घेतला, पिवळ्या पानांचा भाग विस्ताराने लिहून वर आणला, आणि मजकुरात ‘कढीलिंब’ही राहू दिला, कारण तो शब्द मला सोडायचा नव्हता. त्यानंतर काही आठवड्यांत हा लेख ब्लॉगवरच्या सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या लेखांपैकी एक झाला.

मराठीसाठी ही यादी विशेष मोलाची ठरते, कारण आपले शोध एका लिपीत राहत नाहीत. मोबाइलवर रोमन अक्षरांत मराठी टंकणारे वाचक पुष्कळ आहेत, आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकामुळे देवनागरीतही एकाच शब्दाची दोन-तीन रूपे येतात. अहवालात 2021 पासून रेजेक्सची, म्हणजे शब्दांचा नमुना देऊन शोधण्याची, चाळणी मिळते. ती वापरून एका शब्दाची सगळी रूपे एकत्र काढता येतात. सुरुवातीला हे अवघड वाटेल, पण दोन शब्दांमध्ये उभी रेघ घातली की ‘हा किंवा तो’ असा अर्थ होतो, एवढे समजले तरी निम्मे काम होते.

दुसरा भाग म्हणजे ‘यूआरएल इन्स्पेक्शन’. लेखाचा पत्ता वरच्या चौकटीत चिकटवला की तो गूगलच्या नोंदीत आहे की नाही, आणि नसल्यास का नाही, हे कळते. मी स्वतःच्या नावाच्या डोमेनवर आले तेव्हा ज्या तंत्रज्ञाकडून वर्डप्रेसची मांडणी करून घेतली, त्यांनी शोधयंत्रांना दूर ठेवण्याची खूण काम संपल्यावरही तशीच ठेवली होती. तीन महिने मी लिहीत राहिले आणि माझ्या लेखनातच काही कमी आहे असे समजून खचत गेले. पहिल्यांदा पत्ता तपासला तेव्हा ‘एक्स्क्लुडेड बाय नोइंडेक्स टॅग’, म्हणजे ‘नोंद घेऊ नका’ या खुणेमुळे वगळले, ही ओळ दिसली. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमधील ‘रीडिंग’ या पानावरची ती एक खूण काढायला अर्धे मिनिटही लागले नाही.

साधन जोडण्याचे दोन मार्ग आहेत. स्वतःचे डोमेन असेल तर डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या पत्त्याच्या नोंदवहीत, टीएक्सटी प्रकारची एक नोंद घालून संपूर्ण डोमेन जोडावे, म्हणजे ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ असलेले आणि नसलेले दोन्ही पत्ते एकत्र मोजले जातात. ब्लॉगस्पॉटवर असाल तर ‘यूआरएल प्रीफिक्स’ हा पर्याय घ्यावा. साइटमॅप, म्हणजे ब्लॉगवरच्या सर्व पानांच्या पत्त्यांची यादी, वेगळा बनवावा लागत नाही, कारण ब्लॉगस्पॉटवर तो आपोआप तयार होतो आणि वर्डप्रेसमध्येही 5.5 या आवृत्तीपासून होतो. त्याचा पत्ता तेवढा सर्च कन्सोलमध्ये द्यायचा.

आता मर्यादा. पडद्यावर जास्तीत जास्त 1000 ओळी दिसतात, पण छोट्या ब्लॉगला ती अडचण नाही. खरी अडचण वेगळी आहे. दोन-तीन महिन्यांत काही डझनांपेक्षा अधिक लोकांनी न विचारलेले शोध गोपनीयतेसाठी यादीतून वगळले जातात. इंग्रजीत याने फारसे बिघडत नसेल, पण मराठीत एखाद्या नेमक्या विषयावर शोधणारेच मोजके असतात, त्यामुळे एकूण क्लिक आणि यादीतल्या क्लिकांची बेरीज यांत मोठी तफावत पडते. जे प्रश्न सर्वांत नेमके, तेच आपल्याला दिसत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ हे बटण दाबल्याने लेख नोंदला जाईलच याची खात्री नसते, आणि रोज ठरावीक संख्येपेक्षा जास्त विनंत्या करता येत नाहीत, हेही नव्या लेखकाने जाणून असावे.

सरासरी स्थानाच्या आकड्याकडे पाहून रोज उदास होणारे लेखक मला माहीत आहेत. तो आकडा वेगवेगळ्या शोधांची सरासरी असल्यामुळे एखादा नवा, मोठा शोधशब्द मिळाला की स्थान उलट घसरल्यासारखे दिसते. त्याऐवजी एखादाच लेख निवडून त्याची दर्शने आणि क्लिक पाहावेत. समजा लेख 1000 वेळा दिसला आणि 20 जणांनी उघडला, तर सीटीआर, म्हणजे दर्शनांमागे क्लिकांचे प्रमाण, 2 टक्के झाला. लेख पहिल्या पाचांत असूनही तो इतकाच असेल, तर बहुधा शीर्षक वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देत नाही असे समजावे आणि आधी शीर्षकावर काम करावे. प्रतिक्रिया एकही न येणाऱ्या दिवसांत, दर्शनांची रेघ हळूहळू वर चढताना पाहणे हा मला मिळालेला सर्वांत मोठा धीर आहे.

नवा ब्लॉग सुरू करणाऱ्याने पहिला लेख टाकण्यापूर्वीच हे साधन जोडावे, कारण माहिती जोडल्या दिवसापासूनच साठू लागते. ती 16 महिने राहते. बागेसारख्या ऋतूंवर चालणाऱ्या विषयाला याचा फार उपयोग होतो: या जूनमधल्या शोधांची गेल्या जूनशी तुलना करता येते, आणि पहिल्या पावसाआधी लोक कुंडीच्या निचऱ्याविषयी कधी विचारू लागतात हे कळते. त्याआधीचा जून मात्र पुसला गेलेला असतो. म्हणून दर वर्षी पावसाळा संपला की मी ‘एक्स्पोर्ट’ दाबून ती यादी गूगल शीटमध्ये उतरवून ठेवते.