ट्रेनिंग मोड की रँक्ड: हात कशाने बसतो?

प्रतापनगरात मित्राच्या खोलीवर आम्ही टेकन ८ हा मारामारीचा व्हिडिओ गेम खेळतो. परवा तो वैतागला, "घरी दहातले नऊ इलेक्ट्रिक निघतात, अन् तुझ्यासमोर काहून नाही बे?"

काझुया या पात्राचं इलेक्ट्रिक, म्हणजे इलेक्ट्रिक विंड गॉड फिस्ट हा विजेचा ठोसा: दिशेच्या बटणांवर पुढे, मोकळं (काहीच न दाबता), खाली, मग खाली-पुढे तिरकं. आणि ते तिरकं अन् ठोसा एकाच फ्रेममध्ये. फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. रँक्डमध्ये, म्हणजे ऑनलाइन क्रमवारीच्या खऱ्या मॅचमध्ये, ही वेळ चुकली तर कळतच नाही. ठोसा जरा उशिरा दाबला तर साधा विंड गॉड फिस्ट निघतो, कधी लागूनही जातो, आणि आपण खूश. ट्रेनिंग मोडमध्ये, म्हणजे सरावात, इनपुट हिस्टरी (दाबलेल्या बटणांची नोंद) लावा, अंगठा नेमका कुठे रेंगाळला ते समोर येतं. त्याचा 'खाली'वरच अडकत होता.

पण डमी, म्हणजे सरावातला समोरचा पुतळा, घाबरवत नाही. शेवटच्या राउंडला आपल्या पात्राच्या जीवाची पट्टी पाव उरली की बोटं आवळतात, ती फक्त खऱ्या मॅचमध्येच सैल करायला शिकता येतं. डमीच्या चाली रेकॉर्ड करून थोडं भागतं, थोडंच.

मला विचाराल तर आधी ट्रेनिंग. पडद्याच्या दोन्ही बाजूंनी सलग दहा इलेक्ट्रिक, एक चुकला की पुन्हा एकपासून. मग तीन रँक्ड, हरलो तरी चालेल, पण संधी दिसली की इलेक्ट्रिकच मारायचा.

आणि मे महिन्यात कूलरसमोर बसूनही अंगठा घामाने घसरतो. उन्हात तोंडाला बांधायचा दुपट्टा मांडीवरच ठेवा, दर राउंडनंतर हात पुसायला.