‘हॅव पेंटेड’ म्हणायचं की ‘हॅव बीन पेंटिंग’?

‘आय हॅव पेंटेड द डोअर’ आणि ‘आय हॅव बीन पेंटिंग द डोअर’ ही दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. पहिल्यात दार रंगवून झालंय. दुसऱ्यात लक्ष कामावर आहे. दार पूर्ण झालं की अर्धंच राहिलं, हे ते सांगतच नाही. हाताला रंग कसा लागला असं कुणी विचारलं, तर उत्तर म्हणून दुसरं वाक्यच शोभतं.

किती गोष्टी करून झाल्या हे सांगायचं असलं, की ‘हॅव पेंटेड’सारखं साधं रूप घ्यावं: ‘आय हॅव रिटन थ्री लेटर्स’. इथे ‘हॅव बीन पेंटिंग’सारखं चालू रूप खटकतं.

खरी गंमत ‘लिव्ह’ या क्रियापदात आहे. ‘शी हॅज लिव्ड इन लंडन फॉर टेन इयर्स’ आणि ‘शी हॅज बीन लिव्हिंग इन लंडन फॉर टेन इयर्स’ यांचा अर्थ जवळपास एकच. फार तर दुसऱ्यात मुक्काम तात्पुरता असल्याची छटा येते. पण शेवटचे तीन शब्द काढून पाहा. ‘शी हॅज लिव्ड इन लंडन’ म्हणजे कधीतरी राहिली आहे, आज कदाचित दुसरीकडे असेल. ‘शी हॅज बीन लिव्हिंग इन लंडन’ म्हणजे अलीकडचा काळ तिथेच गेला. मला हा फरक सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि शिकवताना नेमका तोच सुटतो.

मराठीत आपण ‘दहा वर्षं राहतेय’ म्हणतो, म्हणून ‘शी इज लिव्हिंग’ तोंडात येतं. तिथे ‘हॅज लिव्ड’ किंवा ‘हॅज बीन लिव्हिंग’च हवं. ‘नो’ (know, म्हणजे ओळखणं) या क्रियापदाला मात्र चालू रूप चालत नाही: ‘आय हॅव नोन हर फॉर इयर्स’.