२०० चा प्लॅन आणि ९४ चा स्पीड: नवा राउटर पावसाळाभर वापरल्यावर

दिवाळीच्या सेलमध्ये वाय-फाय ६ चा राउटर घेतला, आता गणपतीही होऊन गेले. एएक्स १५०० वर्गातला, ड्युअल बँड (म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही), सगळे पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० पर्यंत झेपणारे. (वेगाचे आणि प्लॅनचे सगळे आकडे एमबीपीएसमध्ये.) बाकीची फीचर्स सगळ्यांना ठाऊक आहेत. मला लिहायचंय ते वायरीबद्दल, कारण राउटर बदलू का विचारणाऱ्याला 'आधी वायर बघ' असं कोणीच सांगत नाही.

जुना राउटर बिघडला नव्हता. खोक्यावर एसी १२०० असं ठळक छापलेलं. हे १२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची कागदावरची बेरीज, तीही ११६७ ची वर ओढून १२०० केलेली. पण मागचे पोर्ट १०/१०० चे, म्हणजे जास्तीत जास्त शंभरचे. आत येणारं नेटच शंभरच्या पुढे जाणार नसेल, तर हवेत १२०० सोडून करायचंय काय? १०० चा प्लॅन होता तोवर काही जाणवलं नाही. मुलाचं कॉलेज आणि ह्यांचं घरून काम म्हणून २०० चा घेतला, आणि स्पीड टेस्ट ९४ वर अडकली. कधी ९३, कधी ९४, पंच्याण्णव म्हणून नाहीच.

हा ९४ चा आकडा ध्यानात ठेवा. सिग्नल कमजोर असेल तर स्पीड वरखाली होतो, आत्ता ४० तर मघाशी १३०. राउटरला खेटून उभं राहूनही ९४ च येत असेल, तर मध्ये कुठेतरी शंभरचा अडसर आहे हे नक्की.

म्हणून गिगाबिटवाला राउटर आणला, लावला, टेस्ट केली. ९४!

कस्टमर केअरचं म्हणणं, "मॅडम, वाय-फायवर एवढंच मिळतं. लॅपटॉपला केबल लावून बघा." लावली. तरी ९४. मग म्हणे, राउटर आमच्याकडून घेतलेला नाही. बरीच डोकेफोड केल्यावर एक मुलगा आला, त्यानं ओएनयू (फायबरची वायर येते तो कंपनीचा डबा) बंद-चालू केला, "राउटरच फॉल्टी असेल, परत करून टाका" म्हणाला आणि गेला. पुढच्या बिलात व्हिजिट चार्ज ३५० रुपये.

राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन पोर्टसमोर (बाहेरचं नेट आत येतं तो पोर्ट) १०० लिहिलेलं दिसलं, तेव्हा ओएनयूपासून राउटरपर्यंतची ती हातभर वायर काढून उजेडात धरली. टोकाचा प्लग पारदर्शक असतो, आतलं सगळं दिसतं. नारिंगी जोडी आत, हिरवी जोडी आत. निळी आणि तपकिरी मुळाशी कापून टाकलेल्या. आठांपैकी चारच तारा! १०० ला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. चारच सापडल्या की दोन्हीकडची यंत्रं गुपचूप शंभरवर उतरतात आणि कुठेही लाल दिवा लागत नाही. ही वायर कनेक्शन देताना कंपनीच्याच माणसानं क्रिंप केलेली, म्हणजे टोकाला प्लग दाबून बसवलेली होती. बाजारातून १२० रुपयांची तयार कॅट ६ केबल आणली आणि त्याच मिनिटाला १९८.

मग राउटर उगाच घेतला का? नाही. जुन्याचे पोर्टच शंभरचे, त्याला सोन्याची वायर लावली तरी फरक पडला नसता. संध्याकाळी टीव्ही, दोघांचे व्हिडिओ कॉल आणि सगळ्यांचे फोन एकदम चालू असले तरी काही अडकत नाही. मार्चमध्ये कोणी विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हणाले असते.

जूननंतर मत बदललं. आमचं घर रत्नागिरीचं, जाड चिऱ्याच्या भिंतींचं. चिरा पाणी पितो आणि ओली भिंत सिग्नल खाते. मागच्या खोलीत उन्हाळ्यात ५ गिगाहर्ट्झ रडतखडत का होईना पोचत होतं, आषाढात ते दिसेनासंच झालं आणि सासूबाईंचं कीर्तन दर दोन मिनिटांनी गोल फिरायला लागलं. वाय-फाय ६ सुद्धा त्याच २.४ आणि ५ वर चालतं. भिंतीपुढे त्याचं काही चालत नाही.

मेशचा जोड, म्हणजे घरभर एकच वाय-फाय पसरवणारे दोन डबे, घ्यायचा तर राउटरच्या दुपटीहून जास्त पैसे. त्याऐवजी माळ्यावरचा जुना राउटर उतरवला. त्याचा आयपी बदलला, डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना पत्ते वाटायचं काम, ते नवा राउटर करतोच) बंद केलं, वायर वॅनऐवजी लॅन पोर्टात (घरातली यंत्रं जोडायचा पोर्ट) घातली, नाव-पासवर्ड नव्याचेच दिले, २.४ चे चॅनल एकाला १ आणि दुसऱ्याला ११. नव्या राउटरपासून वायर माळ्यावरून मागच्या खोलीत नेली आणि जुना तिथे ठेवला. तिथे आता ९४ येतो, आणि कीर्तनाला तो भरपूर झाला.

तर १०० किंवा त्याखालचा प्लॅन असेल आणि जुना राउटर नीट चालत असेल, तर पैसे घालवू नका. फक्त कंपनीनं त्याचे अपडेट बंद केले असतील तर विचार करा. प्लॅन त्याहून मोठा असेल तर खोक्यावर 'गिगाबिट' शब्द शोधा. एएक्स ३००० च्या मागे लागू नका. त्यातले ५ गिगाहर्ट्झचे २४०२ मिळायला १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनल घेणारा फोन लागतो, आणि बहुतेक फोन ८० वरच थांबतात.

त्या कापलेल्या वायरीचा फोटो जोडून ३५० रुपये परत मागितलेत. तक्रार दोनदा परस्पर 'रिझॉल्व्ह्ड' करून टाकली, दोन्ही वेळा मी परत उघडायला लावली. पैसे बिलातून वजा होईपर्यंत ती बंद होणार नाही.